सौर आणि पवन विजेचा खर्च नेमका कुणाच्या खात्यावर पडतो?

ऊर्जेबद्दल मला विचारलेला प्रश्न दोन पदरी आहे. समाज कसा घडतो हे तो कोणती ऊर्जा आणि किती वापरतो यावर ठरतं, हे खरं का? आणि सौर-पवन विजेचे 'छुपे खर्च' म्हणून जे सांगितलं जातं ते खरं आहे, की कोळशाच्या बाजूने चाललेला प्रचार? मी सत्तावीस वर्षं वीज पारेषणात काम केलं, त्यातली बरीचशी लोड डिस्पॅचच्या, म्हणजे मागणीप्रमाणे कुठून किती वीज घ्यायची हे ठरवणाऱ्या, कंट्रोल रूममध्ये, आणि गेली दहा वर्षं सौर-पवन प्रकल्प ग्रिडला, म्हणजे विजेच्या सामाईक जाळ्याला, जोडण्याचं काम करतोय. माझं मत आधीच सांगून टाकतो. पहिली गोष्ट खरी आहे. दुसरीतले खर्चही खरे आहेत, पण त्यावरून 'म्हणजे कोळसाच बरा' असा जो निष्कर्ष काढतात तो हिशेबात बसत नाही.

आधी एक छोटा हिशेब. धडधाकट माणूस सलग काम करताना ७५ ते १०० वॅट शक्ती देतो. आठ तास राबला तर पाऊण युनिटच्या आसपास, म्हणजे पुरतं एक युनिटसुद्धा नाही. एक लिटर डिझेलमध्ये साधारण १० युनिट उष्णता असते. इंजिनाने त्यातली एक तृतीयांश जरी कामाला लावली तरी तीनएक युनिट काम होतं. चार-पाच माणसांची दिवसभराची मेहनत एका लिटरमध्ये. नव्या इंजिनिअरांना शिकवताना मी सुरुवात इथूनच करतो, कारण हा आकडा एकदा डोक्यात बसला की बराचसा इतिहास आपोआप उलगडतो. हजारो वर्षं मोठी कामं करून घ्यायची तर माणसं किंवा जनावरं लागत, आणि त्यांना खायला जमीन लागे. ज्याच्याकडे जमीन आणि माणसं, त्याच्याकडे सत्ता. गुलामगिरी आणि वेठबिगारी ही त्या काळातली ऊर्जाव्यवस्थाही होती, हे ऐकायला कठोर वाटतं, पण तसंच होतं. जनावरांचंही तेच. १९१०च्या दशकात अमेरिकेत अडीच कोटींच्या आसपास घोडे आणि खेचरं होती आणि पिकाऊ जमिनीचा जवळजवळ चौथा हिस्सा त्यांच्या चाऱ्यासाठी जात होता. ट्रॅक्टर आला तेव्हा घोड्यांबरोबर ती जमीनही मोकळी झाली.

कोळशाने हे गणित पहिल्यांदा मोडलं. न्यूकोमेनचं वाफेचं इंजिन १७१२चं. दिलेल्या उष्णतेतला एक टक्कासुद्धा ते कामाला लावत नसे, पण ते खाणीच्या तोंडाशीच उभं होतं, खाणीतलं पाणी उपसायला, त्यामुळे कोळसा फुकटात मिळाल्यासारखाच होता. वॉटने १७६९मध्ये पेटंट घेऊन ते सुधारलं. इंजिन कमी कोळसा खायला लागलं, तेव्हा एकूण कोळसा कमी लागेल असं कुणालाही वाटेल. झालं उलटं. इंजिन परवडायला लागलं म्हणून सगळीकडे बसलं आणि खप वाढतच गेला. अर्थशास्त्रज्ञ विल्यम जेव्हन्सने १८६५मध्ये हेच दाखवून दिलं. कार्यक्षमता वाढली म्हणजे वापर घटेल असं गृहीत धरून आखलेल्या योजना आजही फसतात त्या याच कारणाने.

कोळशाने आणखी एक गोष्ट केली. तो काढायला, वाहायला, भट्टीत टाकायला प्रचंड माणसं लागत. १९२०च्या सुमारास एकट्या ब्रिटनमध्ये दहा लाखांहून जास्त खाणकामगार होते. त्यांनी हात थांबवले की रेल्वे, कारखाने, शहरांतले दिवे, सगळंच अडत असे. कामगारांचं म्हणणं ऐकावं लागलं त्यामागे ही अडवण्याची ताकद होती. तेल आलं आणि ती ताकद ओसरली. तेल पाइपातून वाहतं, टँकरमधून जातं, थोड्या माणसांत काम भागतं. ब्रिटिश नौदल तेलाकडे वळलं आणि १९१४मध्ये ब्रिटिश सरकारने इराणमधलं तेल काढणाऱ्या अँग्लो-पर्शियन ऑइल कंपनीत बहुमताचा हिस्सा घेतला. देशातल्या खाणकामगाराशी बोलणी करायच्या ऐवजी दूरच्या तेलक्षेत्रावर पकड ठेवायची, असं राजकारण त्यातून उभं राहिलं. १९७३च्या तेलबंदीत किमती काही महिन्यांत जवळजवळ चौपट झाल्या तेव्हा त्या पकडीची किंमतही सगळ्यांना कळली.

म्हणून माझ्या मते प्रत्येक ऊर्जास्रोताला विचारायचा प्रश्न एकच: याला चालवायला कोण लागतो, आणि कुणाला विचारलं नाही तरी चालतं? सौर आणि पवन विजेचे छुपे खर्च याच प्रश्नातून नीट दिसतात.

सौर पॅनलला इंधन लागत नाही. याचा अर्थ पंचवीस वर्षांचा जवळजवळ सगळा खर्च पहिल्याच दिवशी करावा लागतो. कोळशाच्या वीजसंचात आज पैसे कमी असतील तर आज कोळसा कमी घेता येतो. इथे ती सोय नाही. परिणाम असा की अशा विजेचा दर उन्हावर जितका अवलंबून असतो तितकाच कर्जाच्या व्याजावर असतो. पंचवीस वर्षांच्या कर्जावर व्याज ४ टक्क्यांऐवजी १२ टक्के असलं तर वर्षाचा हप्ता जवळजवळ दुप्पट होतो. पॅनल तेच, ऊन तेच, आणि भांडवलाचा बोजा दुप्पट. गरीब देशांना कर्ज महाग मिळतं. त्यामुळे जिथे ऊन भरपूर आणि वीज कमी, नेमकं तिथेच हे तंत्रज्ञान महाग पडतं. छुप्या खर्चांच्या चर्चेत लोक खाणी आणि कचऱ्यावर तासभर बोलतात, व्याजदराचं नाव कुणी काढत नाही. मला तो सगळ्यात मोठा छुपा खर्च वाटतो.

आता माझ्या रोजच्या कामातला खर्च. कंट्रोल रूममध्ये संध्याकाळी पाच ते साडेसात ही वेळ कुणी सुट्टी मागू नये अशी. दुपारी पडद्यावर सौर विजेची कमान टेकडीसारखी उभी असते. पाचनंतर ती उतरायला लागते, आणि त्याच वेळी घराघरांत दिवे लागतात. एकीकडे हजारो मेगावॉट कमी होतायत आणि दुसरीकडे मागणी चढतेय. ही खिंड भरायची तर जलविद्युत संच उघडायचे, गॅसचे संच चालू करायचे, बॅटरी असेल तर सोडायची आणि कोळशाचे संच भराभर वर न्यायचे. पण कोळशाचा थंड संच असा तासाभरात पेटत नाही. म्हणून तो दुपारभर, गरज नसतानाही, किमान भारावर तेवत ठेवावा लागतो. त्या अवस्थेत तो दर युनिटमागे जास्त कोळसा खातो. शिवाय रोज वर-खाली केल्याने बॉयलरच्या नळ्यांना ताण बसतो आणि त्या लवकर फुटतात. हा सगळा खर्च हिशेबात कोळशाच्या संचाच्या नावावर पडतो. सौर विजेचा दर मात्र स्वच्छ आणि स्वस्त दिसतो. दोन्ही आकडे खरे असतात, पण ते वेगळे ठेवले की चित्र फसवं होतं.

दुसरी गोष्ट जडत्वाची. पारंपरिक संचाचा फिरता भाग शेकडो टनांचा असतो. ५० हर्ट्‌झच्या ग्रिडवर तो बहुधा मिनिटाला ३००० फेरे घेतो. कुठे एखादा मोठा संच बंद पडला तर हे फिरतं वजन पहिले काही सेकंद फ्रिक्वेन्सी (हे ५० हर्ट्‌झ) धरून ठेवतं, आणि तेवढ्या वेळात बाकीची यंत्रणा सावरते. ही सेवा फुकट मिळत होती, म्हणून तिचं मोल कुणी केलं नाही. सौर-पवन वीज ग्रिडला साजेशी करून देणाऱ्या इन्व्हर्टरमध्ये असं फिरतं वजन नसतं. दक्षिण ऑस्ट्रेलिया या राज्यात २८ सप्टेंबर २०१६ला वादळाने पारेषणाचे टॉवर पाडले, व्होल्टेज वारंवार कोसळलं, आणि अनेक पवनचक्क्यांनी आपल्या संरक्षक सेटिंगनुसार उत्पादन एकदम कमी केलं. शेजारच्या राज्याकडून येणाऱ्या लाईनवर सगळा भार गेला, ती सुटली, म्हणजे आपोआप बंद झाली, आणि अख्खं राज्य अंधारात गेलं. ती सेटिंग नंतर बदलता आली. तोवर ती तशी आहेत हे ग्रिड चालवणाऱ्यांनाच माहीत नव्हतं. पुढच्याच वर्षी तिथे १०० मेगावॉटची हॉर्न्सडेल बॅटरी उभी राहिली आणि नंतर चार सिंक्रोनस कंडेन्सर बसवले. ही यंत्रं वीज तयार करत नाहीत, फक्त फिरत राहतात आणि ग्रिडला स्थिर ठेवतात. म्हणजे जे पूर्वी आपोआप मिळत होतं त्याच्यासाठी आता वेगळं यंत्र घ्यावं लागलं.

२८ एप्रिल २०२५ला स्पेन आणि पोर्तुगालमधली वीज भरदुपारी गेली तेव्हा लगेच 'सौर विजेने ग्रिड पाडलं' अशी ओरड झाली. तपासात पुढे आलं ते व्होल्टेज न आवरल्याचं. व्होल्टेज चढत गेलं आणि एकामागून एक संच सुटत गेले. व्होल्टेज धरायचं काम ज्या पारंपरिक संचांकडे होतं त्यांच्याकडून ते पुरेसं झालं नाही, आणि सौर-पवन प्रकल्पांवर ते काम तिथल्या नियमांनी सोपवलेलंच नव्हतं. आधुनिक इन्व्हर्टर हे काम उत्तम करू शकतो. त्याला सांगावं लागतं, आणि त्याचे पैसे द्यावे लागतात. माझ्या क्षेत्रातले बरेच छुपे खर्च असेच आहेत: उपाय माहीत असतो, पण करार लिहिताना ती ओळ सुटलेली असते.

खाणींबद्दल मी दुरून बोलतोय, पण माहिती पक्की आहे तेवढंच सांगतो. पॅनलमधलं सिलिकॉन वाळूतून 'उगवत' नाही. गारगोटीचा दगड विजेच्या भट्टीत सुमारे २००० अंशांवर वितळवावा लागतो, आणि त्यातला ऑक्सिजन काढायला कोळसा, कोक किंवा लाकडाचे तुकडे टाकावे लागतात. पॅनल बनवण्याच्या प्रत्येक टप्प्यात चीनचा वाटा ८० टक्क्यांहून जास्त आहे, आणि तिथली वीज मोठ्या प्रमाणात कोळशाची. अनेक पवनचक्क्यांच्या चुंबकांना निओडिमियम हा धातू लागतो. चीनमधल्या बाओतोऊ शहराजवळ अशा धातूंच्या प्रक्रियेतून आलेल्या विषारी गाळाचं अख्खं तळं साचलंय. बॅटरीतल्या कोबाल्टचा सुमारे ७० टक्के हिस्सा काँगोतून येतो, आणि त्यातला काही भाग हाताने खणणाऱ्या माणसांकडून, ज्यांत मुलंही असतात. दक्षिण अमेरिकेतल्या अटाकामाच्या वाळवंटात लिथियमसाठी जमिनीखालचं खारं पाणी उपसून उन्हात आटवतात. जगातल्या सर्वांत कोरड्या जागांपैकी एका जागी. इंडोनेशियात निकेल शुद्ध करायला कोळशाचेच नवे वीजसंच उभे राहिले. पवनचक्कीच्या पात्यांच्या आत बाल्साचं हलकं लाकूड असतं, आणि पवनचक्क्यांची मागणी वाढली तेव्हा इक्वाडोरच्या जंगलात बाल्सा तोडायला झुंबड उडाली.

मी हे सगळं कुणाला गप्प करायला सांगत नाही. पण याची तुलना कशाशी करायची, हे विसरून चालणार नाही. जगात दरवर्षी ८ अब्ज टनांहून जास्त कोळसा काढला जातो, तेल आणि वायू वेगळे. तो जळतो आणि पुढच्या वर्षी तेवढाच पुन्हा खणावा लागतो. पॅनलमधलं ॲल्युमिनियम, तारांमधलं तांबं पंचवीस वर्षांनंतरही तिथेच असतं. हवामान बदलावरच्या आंतरशासकीय समितीने २०१४मध्ये संपूर्ण आयुष्याचा, म्हणजे खाणीपासून मोडीपर्यंतचा हिशेब दिला. कोळशाच्या एका युनिटमागे मध्यम आकडा ८२० ग्रॅम कार्बन डायऑक्साइड, मोठ्या सौर प्रकल्पाचा ४८, जमिनीवरच्या पवनचक्कीचा ११. भट्टीतला कोळसा, जहाज, काँक्रीट, सगळं धरून. पॅनल बनवायला लागलेली ऊर्जा ते साधारण वर्षभरात, कमीजास्त उन्हाप्रमाणे, परत देतं. 'पॅनल जेवढी वीज देतं त्याहून जास्त ते बनवायला लागते' असं कुणी सांगितलं तर ते सरळ चूक आहे. आणि कोळशाचा छुपा खर्च फुफ्फुसांवर पडत आलाय. लंडनमध्ये डिसेंबर १९५२च्या पाच दिवसांच्या धुरक्याने हजारो माणसं गेली.

जलविद्युतही अक्षयच, आणि तिचा खर्च तर माणसांत मोजावा लागतो. मोठ्या धरणांवरच्या जागतिक आयोगाने २००० साली अंदाज दिला की धरणांमुळे ४ ते ८ कोटी माणसं विस्थापित झाली. यातली अनेक माणसं ज्या विजेसाठी उठली ती त्यांच्या नव्या घरात पोचलीही नाही.

मोडीत काढण्याची बाजू कच्ची आहे, हे मान्य करायला हवं. गारपिटीने फुटलेलं पॅनल मी एकदा उघडून पाहायचा प्रयत्न केला होता. वजनाने तीन चतुर्थांश काच असते. पण काच, सिलिकॉनच्या चकत्या आणि मागचा प्लॅस्टिकचा पत्रा यांच्यामध्ये एक पारदर्शक चिकट थर असतो, आणि तो पंचवीस वर्षं पाऊस आत जाऊ नये म्हणूनच बनवलेला असतो. काच सुटी करायला गेलो तर तिचा चुरा झाला, त्यात सिलिकॉन मिसळलं, आणि हातात आलं ते कशाच्याच कामाचं नव्हतं. चौकटीचं ॲल्युमिनियम आणि वायर मात्र दोन मिनिटांत निघाली. भंगारवाले नेमकं तेवढंच काढून घेतात आणि बाकीचं टाकतात. युरोपीय संघाने २०१२मध्ये पॅनल परत घेण्याची जबाबदारी उत्पादकांवर टाकली. आंतरराष्ट्रीय अक्षय ऊर्जा संस्थेने २०१६मध्ये काढलेल्या अंदाजानुसार २०५०पर्यंत जगात ७.८ कोटी टनांपर्यंत अशी मोड साचेल. चिकट थर वेगळा होईल असं पॅनल बनवता येतं. ते थोडं महाग पडतं, म्हणून निविदेत सांगितल्याशिवाय कुणी बनवत नाही.

माझ्या स्वतःच्या घरातला, म्हणजे सबस्टेशनमधला, एक खर्चही सांगतो. ब्रेकरमध्ये, म्हणजे लाईन तोडणाऱ्या मोठ्या स्विचमध्ये, ठिणगी विझवायला आम्ही एसएफ६ (सल्फर हेक्झाफ्लोराइड) वायू वापरतो. शंभर वर्षांच्या हिशेबात तो कार्बन डायऑक्साइडच्या २० हजार पटींहून जास्त तापवतो. विखुरलेले सौर-पवन प्रकल्प म्हणजे जास्त सबस्टेशनं, जास्त ब्रेकर. गळती मोजण्याचं काम मी सुरुवातीला कंटाळवाणं समजायचो. एका जुन्या ब्रेकरचा दाब दर दोन-तीन महिन्यांनी उतरायचा आणि आम्ही निमूट सिलिंडर लावून भरायचो. तो वायू जातो कुठे, हा प्रश्न एका शिकाऊ मुलीने विचारला, तेव्हा कुठे आम्ही सील बदललं.

राहिला समाज. सौर वीज आली की सत्ता आपोआप गावागावांत, घराघरांत वाटली जाईल असं बरेच जण मानतात. मला तसं दिसत नाही. तेच पॅनल छपरावर बसतं आणि तेच हजार हेक्टरांच्या कुंपणाआड बसतं. छपरावर बसवायला आधी छप्पर स्वतःचं लागतं आणि भांडवल लागतं. ज्यांच्याकडे ते आहे त्यांचं बिल घटतं; पण तारा, ट्रान्सफॉर्मर, लाईनमन यांचा खर्च घटत नाही, कारण रात्री त्यांनाही ग्रिड लागतंच. तो खर्च मग भाड्याच्या घरात राहणाऱ्यांच्या दरात चढतो. उपाय अवघड नाही. जोडणीचा स्थिर आकार, म्हणजे दरमहा ठरलेलं शुल्क, आणि युनिटचा दर वेगळे करायचे, आणि गरिबांच्या स्थिर आकाराला उघड अनुदान द्यायचं. पण तसं केलं की छपरावर पैसे घातलेला वर्ग चिडतो, म्हणून निर्णय लांबत राहतो.

आणि जमीन. एका मेगावॉटला साधारण दोन हेक्टर. कागदावर या जमिनी 'पडीक' असतात. अशाच एका माळावरच्या प्रकल्पाच्या जोडणीची तपासणी करायला मी गेलो होतो. कुंपण नवं होतं, तीन बाजूंनी सरळ रेषेत गेलेलं. सकाळी नऊच्या सुमारास एक म्हातारी दीडएकशे शेळ्या घेऊन कुंपणाच्या कोपऱ्यापाशी आली, थांबली, आणि कुंपणाकडेने वळसा घालून निघाली. पलीकडच्या पाणवठ्यावर पोचायला तिला पूर्वी अर्धा तास लागायचा, आता दीड. शेळ्यांना सवय नव्हती. त्या जुन्या वाटेच्या जागी येऊन तारेला नाक लावून उभ्या राहायच्या. तिने मला विचारलं, आतलं गवत तुम्ही काय करता? आम्ही ते मशीनने कापून घेत होतो आणि त्याचे पैसे देत होतो.

मी अहवालात लिहिलं की पाणवठ्याकडे वाट सोडावी आणि आत शेळ्या चारू द्याव्यात. कंपनीच्या माणसाने केबल कुरतडल्या जातील असं सांगितलं, ते काही अंशी खरंही होतं. केबल पाइपातून घ्याव्या लागल्या असत्या आणि पॅनल थोडी उंच करावी लागली असती. उभा राहिलेला प्रकल्प परत हलवणं परवडणारं नव्हतं, म्हणून शेवटी फक्त एक फाटक झालं, सकाळ-संध्याकाळ उघडणारं. आराखडा आखतानाच कुणी त्या वाटेवरून एकदा चाललं असतं, तर दोन रांगा कमी करून भागलं असतं.